पात्रतेचा जाहीरनामा

भाईंदरकरांनो,

आपला देश जगात सर्वश्रेष्ठ आहे, हे वाक्य आम्ही आजपासून सोडत आहोत. व्यासपीठावरून ते म्हणणार नाही, शाळेच्या फळ्यावर लिहिणार नाही, सोसायटीच्या गच्चीवर झेंडा फडकवतानाही उच्चारणार नाही. देश वाईट आहे असं आम्हांला वाटत नाही. त्याच्यावर आमचा इतका जीव आहे की त्याला शर्यतीत उभं करून त्याच्यावर पैज लावणं आता सोसवत नाही.

हे लिहिणारे आम्ही पंधरा जण. त्यांत दोन निवृत्त शिक्षिका आहेत, उत्तनची एक मासळीवाली आहे, जौनपूरहून येऊन वीस वर्षं स्टेशनबाहेर रिक्षा लावणारा एक चालक आहे, मुर्ध्याची एक कॉलेजकन्या आहे, चर्चगेटला नोकरी करणारे तिघे आहेत आणि साठ फूट रस्त्यावरचा एक गुजराती दुकानदारही आहे. चळवळीला नाव दिलेलं नाही. कामातून पडेल ते नाव आम्ही घेऊ.

सुरुवात एका गुणपत्रिकेपासून झाली. प्रजासत्ताक दिनाच्या आधी पश्चिमेतल्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता ‘माझा देश महान’. आमच्यातले तिघे परीक्षक होते. बावीस मुलं बोलली. एकवीस जणांनी हिमालय, गंगा, शून्याचा शोध, शिवराय, चांद्रयान अशी चढती कमान बांधली आणि शेवटी आवाज टिपेला नेऊन खाली बसली. उत्तनहून आलेला नववीतला एक मुलगा मात्र आईबद्दल बोलला. ती पहाटे तीनला उठते, बर्फात भरलेली मासळी टेम्पोत चढवते, दुपारपर्यंत बाजारात बसते आणि तेवढा वेळ पाण्याचा घोटही घेत नाही, कारण तिथे बाईमाणसाला जायला जागा नाही. देशाकडे मला एक गोष्ट मागायची आहे, असं तो म्हणाला आणि घंटा झाली. आम्ही त्याला दहापैकी चार गुण दिले. शेऱ्यात लिहिलं, ‘विषयांतर’.

तो कागद आमच्यातल्या एका बाईंनी घरी नेला आणि त्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यांनी बाकी दोघांना फोन केला. बावीस मुलांत विषयाला धरून बोललेला तो एकटा होता, हे आम्हांला एक दिवस उशिरा कळलं.

मग आम्ही प्रतिज्ञा पुन्हा वाचली. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेली, तुम्ही-आम्ही हात पुढे करून हजारदा म्हटलेली. ती १९६२ साली तेलुगूत लिहिली पैडिमरी वेंकट सुब्बाराव यांनी. ते विशाखापट्टणमला कोषागारात अधिकारी होते आणि ते वर्ष चीनच्या युद्धाचं होतं. म्हणजे छाती फुगवण्याची किंवा शत्रूला शिव्या घालण्याची मुभा तेव्हा कुणालाही होती. त्या माणसाने दोन्हींतलं काही केलं नाही. प्रतिज्ञेत देशावर प्रेम आहे, त्याच्या परंपरांचा अभिमान आहे, वडीलधाऱ्यांचा मान आहे. ‘सर्वश्रेष्ठ’ हा शब्द शोधून सापडत नाही. शत्रूही सापडत नाही. सापडतो तो ‘पात्रता’ हा शब्द: या परंपरेला साजेशी पात्रता अंगी यावी म्हणून प्रयत्न करण्याचं वचन. अर्थ सरळ आहे. देश थोर असेल तर परीक्षा माझी आहे. निकाल अजून लागायचा आहे.

आपण तेच वचन उलटं करून टाकलं. देशाला पहिला नंबर देऊन आपण पेपर न लिहिताच घरी आलो.

पहिल्या नंबराची भाषा किती पातळ असते, हे इक्बालांच्या दोन रचनांवरून कळतं. १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थानला साऱ्या जगाहून सरस ठरवणारा तराना लिहिला. तो आजही आपल्या पथसंचलनात वाजतो. १९१० मध्ये त्याच चालीचा ‘तराना-ए-मिल्ली’ त्यांनी लिहिला. त्यात मुलखाची जागा धर्मबांधवांच्या समुदायाने घेतली, आणि पुढे पाकिस्तानने त्यांना आपला राष्ट्रकवी मानलं. प्रतिभा तीच आणि आवाज तोच. ‘सरस’ हे विशेषण तेवढं इकडून उचलून तिकडे ठेवता आलं. आईच्या हातचा वरणभात असा उचलून दुसऱ्याच्या पानात वाढता येत नाही. ज्याच्यावर खरा जीव असतो त्याची तुलना करायला सवडच मिळत नाही.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही. आपण तो पावणेदोनशे वर्षं घालतो आहोत आणि तो फार उंचीवरून घातलेला आहे. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रं लिहिली. पोकळ पाठांतर, जातीचा गर्व, विधवांचे हाल, आळस, सगळ्यावर आसूड ओढला. पुढे १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली आणि लोकहितवादींना धारेवर धरलं. सगळं आपलंच वाईट म्हणत राहिलात तर पारतंत्र्यात पिचलेल्या या समाजाने ताठ उभं राहायचं कशाच्या बळावर, हा त्यांचा सवाल होता. सवाल खोटा नव्हता. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा त्यांचा शेवटचा निबंध ब्रिटिशांना इतका खुपला की त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९१० साली, त्यावर बंदी आली.

दोघांत खरा देशभक्त कोण, असं आम्हांला विचाराल तर आम्ही तिसऱ्याचं नाव घेऊ. गोपाळ गणेश आगरकर. चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये राबले, ‘केसरी’चे पहिले संपादक झाले, कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल लिहिलं म्हणून १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. (ही डोंगरी मुंबईतली. आपल्या उत्तनशेजारची डोंगरी वेगळी.) म्हणजे सरकारशी भांडताना त्यांनी कातडी वाचवली नाही. आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून तोच माणूस स्वकीयांना संमतिवयावर, केशवपनावर, आंधळ्या रूढींवर रोखठोक बोलत राहिला. पुण्यात त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा निघाली. परक्यांपुढे मान ताठ आणि घरच्यांपुढे जीभ स्वच्छ, ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली. आमची पायवाट तिथून सुरू होते.

आता पुण्याहून आपल्या खाडीवर येऊ, कारण देश म्हणजे काय हे आम्हांला इथे जास्त कळलं.

स्टेशनबाहेरून उत्तनची बस पकडा. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडतात, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि खाजणं लागतात, मग डोंगरी, उत्तन, पाली, चौक. हे जुनं धारावी बेट. चौकाच्या टेकडीवर उभं राहिलं की समोर वसईचा किल्ला दिसतो. ही जमीन १५३४ पर्यंत गुजरातच्या सुलतानाची होती. त्या वर्षीच्या तहाने ती पोर्तुगिजांकडे गेली. दोनशे वर्षांनी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत याच टेकडीसाठी मराठे आणि पोर्तुगीज एकमेकांचं रक्त सांडत होते. धारावी हातात आल्याशिवाय वसईचं नाक दाबता येत नव्हतं. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टी त्यांची झाली. मग १९४७ आणि मग १९६०. राज्यं इतक्यांदा बदलली आणि प्रत्येक राज्याने आपलं निशाण सगळ्यांत उंच असल्याचं सांगितलं. खाली किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकत राहिले आणि ते सुकवणारी माणसं तीच राहिली.

वसईच्या विजयाचा आम्हांला अभिमान आहे. तो लपवायचं कारण नाही. त्या विजयात वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि महाराष्ट्रभर देवळांत टांगल्या. भीमाशंकरला गेलात तर त्यांतली एक पाहता येते. परंतु आमच्यातली उत्तनची मासळीवाली कॅथलिक आहे. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून तिचं घराणं याच किनाऱ्यावर आहे आणि ते गेल्यावरही इथेच राहिलं. तिच्या घरात मराठीच बोलतात, तिची स्वतःची, समुद्राच्या वाऱ्याने वळण दिलेली मराठी. ती घंटा तिने कशी ऐकायची? आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, घंटा माझ्या बापजाद्यांच्या गावची आणि नेणारेही माझ्याच बोलीचे, मला दोन्हीकडचं ऐकू येतं. तिच्या या उत्तरात जितका देश आहे तितका आम्हांला त्या एकवीस भाषणांत मिळाला नव्हता. हेही सांगितलं पाहिजे की वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिलेली होती आणि हरलेल्या शिपायांना बायकामुलांसह मानाने जाऊ दिलं होतं. चिमाजी अप्पांचं नाव घेऊन आज जे शेजाऱ्याला धमकावतात, त्यांनी तो तह वाचावा.

तिच्या समाजाचं ‘ईस्ट इंडियन’ हे नावही ऐकण्यासारखं आहे. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथले, हे कळावं म्हणून इथल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी ते घेतलं. इथलेपण सिद्ध करायला नाव मात्र ईस्ट इंडिया कंपनीचं घ्यावं लागलं. भूमिपुत्र असण्याचा दाखला सगळ्यांत जुन्या भूमिपुत्रांनाही मागितला जातो, हे यातून लक्षात घ्या.

२०२५ च्या जून-जुलैत आपल्या शहराने हा दाखला मागण्याचा खेळ उघड्या डोळ्यांनी पाहिला. मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. आठवड्याच्या आत मराठीसाठी दुसरा मोर्चा निघाला, त्याला परवानगी नाकारली गेली, कार्यकर्त्यांची धरपकड झाली, तरीही माणसं रस्त्यावर उतरली. आमच्यातले काही मराठीच्या मोर्चात होते, एक व्यापाऱ्यांच्या मोर्चात होता. म्हणून स्पष्ट लिहितो. मराठी ही या शहराची भाषा आहे आणि इथे राहून तिच्याकडे पाठ फिरवणं हा अपमान आहे. मारहाणीने भाषा शिकवता येत नाही, तिच्याबद्दल भीती तेवढी शिकवता येते. पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाऊन उत्तनकरांनी मराठी सोडली नाही, ती कुणाच्या थपडेमुळे नव्हे. आमचा दुकानदार मित्र आता दुकानातल्या पाटीबरोबर बिलंही मराठीत करतो. त्याला शिकवलं रिक्षावाल्याच्या मुलीने, जी इथल्या मराठी शाळेत जाते.

घरातल्या दुसऱ्या दुखण्याबद्दल बोलणं अवघड आहे, तरी बोलतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं की हजारो जातींत विभागलेले आपण अजून राष्ट्र झालेलोच नाही, आणि हे जितक्या लवकर आपल्याला उमगेल तितकं आपलं भलं होईल. त्यांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटलं. ज्याने देशाला संविधान दिलं त्याने, ते मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी, ही टोचणी दिली. आज हेच वाक्य एखाद्या तरुणाने चौकात उच्चारलं तर त्याला देशद्रोही म्हणायला किती जण धावतील?

बाबासाहेब बंधुतेबद्दल बोलत होते. आपल्या इमारतींमध्ये भाड्याचं घर पाहायला येणाऱ्याला आधी आडनाव विचारतात, मग काय खाता ते विचारतात. मासळीच्या पाटीसह बाई आली तर तिला लिफ्ट वापरू न देणाऱ्या इमारती आम्ही पाहिल्या आहेत. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये भाईंदरचा माणूस चढला की दारातला जथा त्याला सुनावतो, ही गाडी तुझी नाही. दसऱ्याला त्याच डब्याला तोरण लागतं, भजन होतं, पेढे वाटले जातात. एका डब्यात मावणारे आपण, सीमेवरच्या प्रत्येक इंचाबद्दल पेटून उठतो आणि दाराजवळची वीतभर जागा सख्ख्या शेजाऱ्याला देत नाही. सीमेचं मोल कमी आहे असं आम्ही म्हणत नाही. तिथे उभ्या असलेल्या जवानाचं ऋण आहेच. पण बंधुतेची परीक्षा संध्याकाळी सव्वासातला, फलाट क्रमांक विचारत धावणाऱ्या बाईच्या बाबतीत होते.

आणि सीमा म्हणाल तर समुद्रातली सीमा कोळ्याला दिसत नाही. डहाणू-पालघरकडचे आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, बोट रेषेपलीकडे सापडली की कराचीच्या तुरुंगात जातात. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यांत मच्छीमारांचा वेगळा रकाना असतो. उत्तनच्या किनाऱ्यावर या बातमीने पोटात गोळा येतो. श्रेष्ठत्वाच्या घोषणा ज्या दिवशी सर्वांत मोठ्या असतात, त्या दिवशी या माणसांची सुटका सर्वांत लांब गेलेली असते.

अभिमान म्हणून आम्ही काय सांगणार, असं विचारतील. पुष्कळ आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींहून जास्त माणसांना मताचा अधिकार होता, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, निम्म्याच्या आसपास बायका होत्या. स्वित्झर्लंडमधल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ साल उजाडलं. अमेरिकेत दक्षिणेकडच्या काळ्या नागरिकांना आपला हक्क खरोखर बजावता यावा म्हणून १९६५ साली कायदा करावा लागला. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी केली, १९७७ साली तिचा कायदा केला आणि २००५ साली देशाने तशीच हमी दिली. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. त्यामागे उन्हातान्हात दार वाजवणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत, त्यांतल्या काही आपल्या गणेश देवल नगरच्या गल्ल्यांतूनही फिरल्या आहेत. या अभिमानाला कुणाशी तुलना लागत नाही. परदेशांची नावं वर आली ती हिणवायला आली नाहीत, आपण कुठल्या बाबतीत वाट काढून दाखवली एवढं सांगायला आली.

आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात १९३ देशांत आपला क्रमांक १३० आहे. हाही आकडा आमचाच. तो वाचून आम्ही परक्यांवर कटाचा आरोप करणार नाही, आणि कपाळावर हात मारून परदेशाचं तिकीटही काढणार नाही. घरात मूल आजारी पडलं तर आई शेजारणीच्या मुलाचं वजन विचारत बसत नाही, कपाळावर पट्टी ठेवते.

आता आपल्या कचऱ्याबद्दल. आपण रोज सकाळी जो डबा बाहेर ठेवतो तो उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. तिथे ढिगाला आग लागली की धूर उत्तन-चौकच्या घरांत शिरतो. गावकरी वर्षानुवर्षं ओरडत आहेत. आपण पश्चिमेतले सुशिक्षित लोक ओला-सुका वेगळा करत नाही आणि भारतमातेचा जयजयकार करतो. ती माता डोंगराच्या त्या बाजूला खोकते आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीची हजारो झाडं जाणार असं कळल्यावर तिथल्या लोकांनी हरकत घेतली, तेव्हाही त्यांना प्रगतीच्या आड येणारे म्हटलं गेलं. मेट्रो आम्हांलाही हवी आहे, लोकलच्या दारात लोंबकळणारे आम्हीच आहोत. आमचं म्हणणं एवढंच की झाडाबद्दल प्रश्न विचारणारा माणूस देशावर मेट्रो मागणाऱ्याइतकंच प्रेम करत असू शकतो, आणि त्याला उत्तर मिळालं पाहिजे.

म्हणून आम्ही काय करणार ते सांगतो. पाच कामं हातात घेतली आहेत, कदाचित तीनच जमतील. बाजारातल्या बायकांसाठी स्वच्छतागृह होईपर्यंत आम्ही दर महिन्याला अर्ज देऊ आणि त्याचं उत्तर लोकांना वाचून दाखवू. आपापल्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करून घेऊ. सभासद ऐकत नसतील तर आधी त्यांना धावगीला घेऊन जाऊ. ज्याला मराठी शिकायची आहे त्याला संध्याकाळी शिकवू, फुकट, अपमान न करता. आमच्या इमारतींत आडनाव विचारून घर नाकारलं गेलं तर गप्प बसणार नाही, मग तो नाकारणारा आमचा मेहुणा का असेना. आणि जिथे जिथे आम्हांला वक्तृत्वाचे परीक्षक म्हणून बोलावतील तिथे विषय बदलायला सांगू. ‘माझ्या गावातली एक गोष्ट जी मला दुरुस्त करायची आहे’ असा विषय असेल तरच येऊ.

झेंडा आम्हीही लावू. राष्ट्रगीताला उभे राहू. क्रिकेटचा सामना जिंकलो तर मांडली तलावाजवळ फटाके फोडणाऱ्या पोरांत आमचीही पोरं असतील, त्याला आमची ना नाही. आनंद करायला हरकत कसली. दुसऱ्याला कमी लेखून तो करू नये, एवढं घरात सांगू. आम्हांला देशद्रोही म्हणणाऱ्यांशी भांडणार नाही, त्यांनाही रविवारी बोलावू.

सभासद होण्यासाठी वर्गणी नाही, अर्ज नाही, पक्ष विचारला जाणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मांडली तलावाच्या काठी जमायचं. तिथून उत्तनच्या बसने धावगीच्या पायथ्याशी जायचं, कचऱ्याचा डोंगर डोळ्यांनी पाहायचा, मग बाजारात येऊन बसायचं आणि महिन्याचं काम वाटून घ्यायचं. पाण्याची बाटली आणा. बायकांना ती किती वाजेपर्यंत पिता येत नाही, याची नोंद ठेवा. तीच आमची पहिली आकडेवारी असेल.

त्या मुलाला आम्ही शोधून काढलं. आता तो दहावीत आहे. आमची गुणपत्रिका घेऊन दोघी बाई त्याच्या घरी गेल्या, शेरा खोडला आणि माफी मागितली. पहिल्या बैठकीत त्याने ते भाषण पुरं करावं, घंटा वाजणार नाही, अशी विनंती केली. त्याची आई बोंबील उलटत होती. ती म्हणाली, त्याला बोलायला लावा, पण मला जरा पुढे बसवा, मागे बसून मला ऐकू येत नाही. मुलाने अजून हो म्हटलेलं नाही.